कार्ल ब्योमचं मोत्झार्ट रेक्विएम (१९७१): बरेच महिने ऐकल्यानंतर

मोत्झार्टच्या रेक्विएमची (मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनेला दिलेल्या संगीताची) रेकॉर्डिंग्ज ढिगाने आहेत. त्यातलं वाद्यवृंद-संचालक कार्ल ब्योम आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं १९७१ चं रेकॉर्डिंग मी गेले बरेच महिने ऐकते आहे. ते संथ आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ते संथपण कुठे कामी येतं आणि कुठे अंगावर येतं, हे कळायला मात्र वेळ द्यावा लागतो.

रेक्विएमच्या अनेक भागांपैकी लाक्रिमोसापासून सुरुवात करते, कारण ब्योम आवडणार की नाही याचा निकाल तिथेच लागतो. ताल बारा-आठचा: एका बारमध्ये (आवर्तनासारख्या एका घरात) चार ठोके, प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन लहान मात्रा. ब्योम इतका सावकाश जातो की मोठा ठोका धरून ठेवणं जड जातं आणि कान आपोआप लहान मात्रा मोजू लागतो. टेम्पो मोजणारी ॲप्सही नेमकं तेच करतात. माझ्या फोनमधलं ॲप (ते पट्टी आणि मूडही सांगतं) या ट्रॅकसमोर मिनिटाला किती ठोके याचा जो आकडा दाखवतं, तो वाचून कुणालाही वाटेल की बऱ्यापैकी चालती चीज आहे. त्याला तीनाने भागलं की खरी लय हाती लागते. ९० दिसलं तर ३० समजायचं.

आता या लयीत काय घडतं ते बघा. सुरुवातीचे दोन बार फक्त तंतुवाद्यं, मग कोरस. डी ला सा धरलात, तर पाचव्या बारपासून सोप्रानो (स्त्रियांचे सगळ्यात उंच) आवाज मध्य सप्तकातल्या सा वरून वर चढायला लागतात. एक अक्षर, थांबा, पुढचं अक्षर, पुन्हा थांबा. आवाज वाढत वाढत आठव्या बारमध्ये तार पंचमाला पोचतात. वेगवान रेकॉर्डिंगमध्ये हा चढ एका दमात उरकतो. ब्योमकडे मधल्या मोकळ्या जागा ऐकू येतात, आणि पुढचा स्वर लागेल की नाही अशी धाकधूक दर वेळी होते, पाठ झालेला असूनही. लाक्रिमोसातलं मोत्झार्टचं हस्ताक्षर याच आठव्या बारशी संपतं. ५ डिसेंबर १७९१ ला तो गेला आणि या भागाचं पुढचं त्याचा शिष्य झ्युसमायरने पुरं केलं. ब्योम तिथे मुद्दाम काही अधोरेखित करत नाही, लय तशीच पुढे नेतो. मला हे फार पटलं.

स्वराबद्दल. संपूर्ण रचनेचा मुक्काम डी मायनर, म्हणजे आपल्या कानाला कोमल गंधार. पण नुसत्या कोमल गंधाराने एवढा काळोख येत नाही. वाद्यमेळच तसा निवडलाय: बासरी नाही, ओबो नाही, फ्रेंच हॉर्न नाहीत, नेहमीची क्लॅरिनेटही नाहीत. त्यांच्या जागी दोन बॅसेट हॉर्न (क्लॅरिनेटचाच खोल आवाजाचा भाऊ) आणि दोन बसून (bassoon, खर्जातलं फुंकवाद्य), सोबत ट्रॉम्बोन. पहिल्याच पानावर बॅसेट हॉर्न आणि बसून एकमेकांच्या मागे येतात तेव्हा ब्योमची संथ लय पूर्ण वसूल होते, कारण प्रत्येक वाद्याची फुंक वेगळी ऐकू येते.

आणि गंधाराची एक गंमत, जी मला बऱ्याच उशिरा जाणवली. लाक्रिमोसाच्या शेवटच्या आमेनला गंधार शुद्ध होतो, डी मेजर. आत कुठेतरी दिवा लागतो. पण किरिए या सुरुवातीच्या भागाचा शेवट आणि सगळ्या रचनेचा शेवट मात्र नुसत्या षड्ज-पंचमावर. गंधारच नाही, ना कोमल ना शुद्ध. सुटका झाली की शिक्षा, संगीत सांगत नाही. ब्योम हा शेवटचा स्वरसमूह भरपूर लांबवतो, त्यामुळे ती पोकळी नीट भोगावी लागते. ॲप तिथेही सरळ 'डी मायनर' लिहून मोकळं होतं.

ॲपवर फार राग नाही, एका बाबतीत त्याचा उपयोगही झाला. जुन्या वाद्यांवर वाजवणारे बरेच समूह ए चा स्वर आजच्या ४४० हर्ट्झऐवजी ४३० ला लावतात, बारोक (मोत्झार्टच्या आधीच्या काळातल्या) संगीतासाठी तर ४१५ ला, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली. अशा रेकॉर्डिंगवर ॲप भलतीच पट्टी (key) दाखवू शकतं. दोन रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ लावल्यावर काहीतरी 'उतरल्यासारखं' वाटतं ते का, याचा उलगडा त्यातून झाला.

ॲप देतं ते मूडचं लेबल मात्र निव्वळ करमणूक आहे. कॉन्फुटाटिसला 'तीव्र' असं लेबल होतं. अर्धा तुकडा तीव्र आहेच: पुरुषांचे आवाज, खाली तंतुवाद्यांची तीच तीच घुसळण, ए मायनर. पण लगेच स्त्रियांचे आवाज दबक्या सुरात येतात, जणू दुसऱ्याच खोलीतून. आणि शेवटच्या विनवणीत तर पायाच निसटतो: ए मायनरवरून पायरी-पायरीने घसरत सगळं एफ मेजरवर येऊन टेकतं. याची सरासरी कोण आणि कशी काढणार? उलट ट्युबा मिरुम. विषय अंतिम न्यायाच्या तुतारीचा, आणि स्वर बी फ्लॅट मेजर, एकट्या ट्रॉम्बोनसोबत कार्ल रिडरबुशचा भारदस्त बास. ॲपला ते 'शांत' वाटलं तर त्याला काय बोलणार?

आता तक्रारी. कोरस व्हिएन्ना स्टेट ऑपेराचा, आणि तो ऑपेरासारखाच गातो. आवाजातलं कंपन मोठं. किरिएच्या दुहेरी फ्यूगमध्ये (दोन धून एकामागून एक सगळे आवाज उचलतात अशा रचनेत) चारही ओळी एकमेकींत मिसळून जातात. स्वरलिपी समोर ठेवून ऐकलं तरी आल्टो (स्त्रियांचे खालचे आवाज) कुठे गेल्या ते शोधावं लागतं. डिएस इरे भव्य आहे, पण त्यात घाबरगुंडी नाही. तिथे मला वेग हवा होता. सांक्टुस, बेनेडिक्टुस ठीक, मी अनेकदा पुढे ढकलते.

किरिए स्पष्ट ऐकायचं असेल तेव्हा मी क्रिस्टोफर हॉगवूडचं ऐंशीच्या दशकातलं रेकॉर्डिंग लावते. जुनी वाद्यं, मुलांचे आवाज, पातळ आणि चपळ. फक्त हे ध्यानात ठेवा की ते माँडर या संगीत-अभ्यासकाच्या आवृत्तीवर बेतलेलं आहे, त्यात सांक्टुस आणि बेनेडिक्टुस नाहीतच. रेक्विएम पहिल्यांदाच ऐकणार असाल तर त्यापेक्षा ब्योम घ्या.

आणि स्ट्रीमिंग ॲपमध्ये सगळ्या ट्रॅक्सचा आवाज एकसारखा करणारं सेटिंग असेल तर ते बंद करा, म्हणजे भागाभागांतला हळू-मोठ्याचा फरक टिकेल. लाक्रिमोसाचा तो चढ अगदी हलक्या आवाजातून सुरू होतो. तो ऐकू यावा म्हणून आवाज वाढवून ठेवलात, तर आठव्या बारला हेडफोन काढावा लागेल, तेव्हा थोडा कमीच ठेवा.