वर्षातील सर्वोत्तम अल्बम कोणता? 'रेट युवर म्युझिक' या सेवेचे परीक्षण

डिसेंबर उजाडला की संगीतावर जीव असणाऱ्यांच्या गप्पा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागतात: यंदाचा सर्वोत्तम अल्बम कोणता? मासिके आपापल्या याद्या जाहीर करतात, स्ट्रीमिंगची ॲप्स प्रत्येकाला त्याच्या वर्षभराच्या ऐकण्याचा हिशेब दाखवतात, आणि यादीत कोण आले यापेक्षा कोण राहून गेले यावरून श्रोत्यांचे वाद रंगतात. या वादाला आधार म्हणून वापरता येतील अशा सेवांपैकी श्रोत्यांच्या रेटिंगांवर चालणारी 'रेट युवर म्युझिक' ही संकेतस्थळावरची सेवा मला सर्वांत उपयुक्त वाटते, आणि तिचे दोषही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. म्हणून दोन्ही बाजू नीट मांडून हे परीक्षण लिहीत आहे.

ही सेवा हुसेन शरीफी यांनी 2000 साली सुरू केली. तिची मूळ कल्पना अगदी साधी आहे. श्रोत्याने ऐकलेल्या अल्बमला अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत रेटिंग द्यायचे, हवे तर त्यावर लिहायचे, आणि या सगळ्या रेटिंगांवरून प्रत्येक वर्षाची, प्रत्येक शैलीची क्रमवारी तयार होते. अल्बमची माहिती, गाण्यांची यादी, मुखपृष्ठ, वादकांची नावे हे सारे श्रोतेच भरतात आणि नियमन करणारे सदस्य ते तपासतात. क्रमवारीत केवळ सरासरी पाहिली जात नाही. किती जणांनी रेटिंग दिले हेही त्यात धरले जाते, त्यामुळे पाचपन्नास चाहत्यांनी मिळून पाच तारे दिलेला अल्बम सहजासहजी माथ्यावर चढत नाही. सगळ्यांच्या रेटिंगाला सारखे वजनही नसते. सरासरी चारच्या वर जाणे इथे दुर्मीळ आहे, आणि ही कंजुषी मला आवडते, कारण त्यामुळे साडेतीन या आकड्यालाही अर्थ राहतो.

या पद्धतीचे मोल कळण्यासाठी ती जुन्या पद्धतींशेजारी ठेवून पाहावी लागते. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाचे समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ यांच्याशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो 'पॅझ अँड जॉप' हा समीक्षकांचा कौल 1971 मध्ये पहिल्यांदा घेतला गेला आणि 1974 पासून दरवर्षी होऊ लागला. त्यात प्रत्येक समीक्षकाला दहा अल्बममध्ये एकूण 100 गुण वाटून द्यावे लागत. एका अल्बमला जास्तीत जास्त 30 आणि कमीत कमी 5. या छोट्याशा नियमात मोठे शहाणपण होते. ज्याला एखाद्या अल्बमने खरोखर झपाटले आहे त्याला ते 30 गुणांनी सांगता येई, आणि ज्याला वर्ष सपाट वाटले तो सर्वांना दहा-दहा देऊन मोकळा होई. आवडीची तीव्रता मोजणारी याहून चांगली पद्धत माझ्या पाहण्यात नाही. उलट 'मेटाक्रिटिक' ही सेवा वेगवेगळ्या प्रकाशनांच्या परीक्षणांना शंभरपैकी गुणांत बसवून, प्रत्येक प्रकाशनाला कमी-जास्त वजन देत त्यांची सरासरी काढते. ते सोयीचे खरे. परंतु मूळ परीक्षणात समीक्षकाने जी कुरकुर केली असेल, जे एखादे गाणे त्याला सोडवत नसेल, ते सगळे त्या दोन अंकी संख्येत विरून जाते. 'रेट युवर म्युझिक'वर तारे आणि लिहिलेला मजकूर एकाच पानावर राहतात, आणि तारे देणारा माणूस आणखी कशाला किती तारे देतो हे त्याच्या नावावर जाऊन पाहता येते. वादात समोरच्याची आवड माहीत असणे हे निम्मे काम असते.

पण या सेवेचा खरा गुण माझ्या मते वेगळाच आहे: तिच्यात वर्ष कधीच मिटत नाही. छापील यादी डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते, आणि ती बंद करण्याची घाई दरवर्षी वाढतच गेली आहे. बियॉन्सेने 13 डिसेंबर 2013 रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता आपल्याच नावाचा अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हा कित्येक प्रकाशनांच्या त्या वर्षाच्या याद्या आधीच बाहेर पडल्या होत्या. पुढच्याच वर्षी 15 डिसेंबरला गायक डिअँजेलोचा 'ब्लॅक मसाया' हा अल्बम आला आणि तीच अडचण पुन्हा उभी राहिली. अशा अल्बमना त्या वर्षाच्या यादीत जागा मिळत नाही आणि पुढच्या वर्षाच्या यादीत ते परके वाटतात. अमेरिकेतील ग्रॅमी या संगीत पुरस्कारांची गणना आणखी निराळी आहे. तिथे अलीकडच्या वर्षांत पात्रतेची मुदत ऑगस्टअखेर संपते, त्यामुळे 'वर्षातील अल्बम' हा पुरस्कार ज्या वर्षाचा म्हणून मानला जातो त्यातील शरद ऋतूतले संगीत त्यात नसतेच. 'रेट युवर म्युझिक'च्या क्रमवारीत अल्बम ज्या तारखेला आला त्या वर्षात तो जातो, आणि त्यावरचे मत बनायला पुढची दहा वर्षे मोकळी असतात. दिलेले रेटिंग कधीही बदलता येते. आज 2013 ची क्रमवारी उघडली तर तिच्यात 2013 चे श्रोते आहेत तसेच त्या वेळी शाळेत असलेले श्रोतेही आहेत.

हे महत्त्वाचे का, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण वीझर या बँडच्या 'पिंकर्टन' या अल्बमचे आहे. 1996 मध्ये तो आला तेव्हा 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी त्याला त्या वर्षातील सर्वांत वाईट अल्बममध्ये बसवले होते. 2002 मध्ये त्याच मासिकाच्या वाचकांनी त्याला सर्वकाळच्या श्रेष्ठ अल्बममध्ये 16 वा क्रमांक दिला. सहा वर्षांत अल्बममधील एकही सूर बदललेला नव्हता. बदलले ते श्रोते, आणि त्या अल्बमसारखे ओबडधोबड, कबुलीवजा गाणे मधल्या काळात इतक्या बँडनी आपलेसे केले की तो ऐकण्याची वाटच तयार झाली. 1996 च्या डिसेंबरात बंद झालेल्या यादीत यातले काहीच येऊ शकत नाही. गायक निक ड्रेकच्या 'पिंक मून' या अल्बमचेही तेच. 1972 मध्ये तो आला तेव्हा त्याच्या फार थोड्या प्रती विकल्या गेल्या आणि दोनच वर्षांनी ड्रेकचे निधन झाले. आज या सेवेवर 1972 ची क्रमवारी पाहिली तर तो वरच्या काही नावांत सापडतो. म्हणून मित्रांशी वाद घालताना मी चालू वर्षाच्या क्रमवारीपेक्षा पाच किंवा दहा वर्षांपूर्वीची क्रमवारी अधिक विश्वासाने उघडतो, आणि हा सल्ला इतरांनाही आग्रहाने देतो.

चालू वर्षाची क्रमवारी मात्र जपून वाचावी. अल्बम प्रसिद्ध झाल्याच्या पहिल्या काही तासांत तिथे रेटिंगांचा पाऊस पडतो, आणि पन्नास मिनिटांचा अल्बम एकदा ऐकून लगेच दिलेले तारे हे बहुतेक वेळा त्या कलाकाराविषयीच्या आधीच्या प्रेमाचे किंवा रागाचे असतात. अल्बमभोवती घडणाऱ्या घटनाही त्यात मिसळतात. डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' 8 जानेवारी 2016 रोजी आला आणि 10 जानेवारीला बोवी गेला. 'ब्लॅक कंट्री, न्यू रोड' या बँडचा गायक आयझॅक वुड याने बँड सोडत असल्याचे 31 जानेवारी 2022 रोजी कळवले, आणि त्यांचा 'अँट्स फ्रॉम अप देअर' 4 फेब्रुवारीला प्रसिद्ध झाला. दोन्ही अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांच्या मनावर त्या बातमीची छाया होती, आणि त्या आठवड्यातील पाच ताऱ्यांतून दुःख किती आणि संगीत किती हे वेगळे काढणे कोणालाही शक्य नव्हते. दोन्ही अल्बम आपापल्या वर्षाच्या क्रमवारीत पुढेही अगदी वरच टिकले, आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास त्या टिकण्यामुळे बसला.

स्ट्रीमिंग ॲपच्या वार्षिक हिशेबाशी तुलना केली तर आणखी एक फरक स्पष्ट होतो. ॲप मोजते ते किती वेळा ऐकले. स्पॉटिफायवर एखादे गाणे 30 सेकंद वाजले की ते एकदा ऐकले असे धरले जाते. काम करताना पार्श्वभूमीला चालू राहिलेले संगीत या मोजणीत पुढे जाते, आणि ज्या अल्बमसाठी दिवे मालवून तासभर बसावे लागते तो मागे पडतो. शिवाय जे ॲपवर नाही ते त्या हिशेबात नाहीच. मार्च 2024 मध्ये सिंडी ली या नावाने पॅट्रिक फ्लेगेल यांनी 'डायमंड ज्युबिली' हा दोन तासांहून मोठा, 32 गाण्यांचा अल्बम प्रसिद्ध केला. तो सुरुवातीला यूट्यूबवर एकसलग आणि एका साध्या संकेतस्थळावरून उतरवून घेण्यासाठी एवढाच उपलब्ध होता. त्या वर्षीच्या चर्चेत त्याचे नाव सतत होते, समीक्षकांच्या याद्यांतही तो आला, पण स्पॉटिफायच्या वार्षिक हिशेबात त्याला जागाच नव्हती. 'रेट युवर म्युझिक'वर तो इतर कोणत्याही अल्बमसारखा नोंदला गेला आणि त्यावर हजारोंनी मत दिले. संगीत कोणत्या दुकानातून आले याची ही सेवा पर्वा करत नाही, हे तिचे फार मोठे बळ आहे.

शैलींची विभागणी हाही तिचा अभिमानाचा विषय. प्रत्येक अल्बमची मुख्य आणि दुय्यम शैली सदस्यांच्या मतदानाने ठरते, आणि त्याच्या भाववृत्तीचे शब्दही तसेच ठरतात. त्यांच्या आधारे क्रमवारी गाळून घेता येते: अमुक वर्षातील, अमुक शैलीतील, तमुक शैली वगळून. वादात अडकलेल्या दोघांना याचा चांगला उपयोग होतो, कारण पुष्कळदा एकाच्या मनात मेटल असते आणि दुसऱ्याच्या मनात जॅझ, आणि दोघेही 'वर्षातील सर्वोत्तम' असेच म्हणत असतात. पूर्ण अल्बम, ईपी (म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा संग्रह), मिक्सटेप (म्हणजे अल्बमइतका औपचारिक नसलेला संग्रह) आणि मैफलीचे ध्वनिमुद्रण यांचे प्रकारही वेगळे नोंदले जातात. जपानच्या फिशमॅन्स या बँडची 28 डिसेंबर 1998 रोजीची टोकियोतील मैफल ध्वनिमुद्रित स्वरूपात या सेवेवर सर्वाधिक मान मिळालेल्या ध्वनिमुद्रणांपैकी एक आहे. पुढच्याच मार्चमध्ये गायक शिंजी सातो यांचे निधन झाले. जपानबाहेरच्या असंख्य श्रोत्यांना हा बँड अशा क्रमवारीतूनच माहीत झाला, आणि भाषा कळत नसतानाही त्यांनी ती दोन तासांची मैफल मनापासून ऐकली.

आता दोषांविषयी. या सेवेच्या श्रोत्यांची एक ठरावीक चव आहे, आणि ती काही क्रमवाऱ्या उघडताच कळते. प्रयोगशील रॉक, महत्त्वाकांक्षी हिप-हॉप, मेटल, दाट आवाजाचे गिटारसंगीत, एका कल्पनेभोवती गुंफलेले लांब अल्बम यांना इथे वरची जागा मिळते. कंट्री, नाचण्यासाठीचे इलेक्ट्रॉनिक संगीत, जे मुळातच सुट्या गाण्यांवर जगते असे पॉप आणि इंग्रजी-जपानीबाहेरच्या बहुतेक भाषांतील संगीत यांच्या वाट्याला थोडे श्रोते येतात, आणि थोडे श्रोते म्हणजे क्रमवारीत खालची जागा. यात कोणाचा कट नाही. पण 'जगातील श्रोत्यांचे मत' म्हणून ही क्रमवारी पुढे करणे चुकीचे ठरेल. रेटिंगांना वजन नेमके कसे दिले जाते याचे संपूर्ण सूत्र उघड नाही. फसव्या खात्यांना आळा घालण्यासाठी ते झाकून ठेवणे समजण्यासारखे आहे, तरी त्यामुळे काही निकाल तपासता येत नाहीत. पानांची मांडणी दाटीवाटीची आहे आणि नव्या माणसाला सुरुवातीला ती बिचकवते.

मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट मात्र सेवेपेक्षा तिच्या वापराची आहे. ताऱ्यांची सरासरी हाताशी आली की वादात ती ढालीसारखी वापरली जाते. एखाद्याने अल्बममधील तिसऱ्या गाण्याच्या तालाविषयी काही म्हणावे आणि दुसऱ्याने त्यावर केवळ आकडा सांगावा, इथे संभाषण संपते. ज्या कौलात समीक्षकाला 100 गुण वाटावे लागत, त्यात प्रत्येक मोठ्या आकड्यामागे दुसऱ्या अल्बमला नाकारलेले गुण असत. इथे कितीही अल्बमना पाच तारे देता येतात आणि निवड करण्याची सक्ती नसते. त्यावर एक चांगला उपाय सेवेतच आहे: आपल्या दृष्टीने प्रत्येक ताऱ्याचा अर्थ काय हे सदस्याला स्वतःच्या पानावर लिहिता येते. ज्यांनी ते लिहिले आहे अशांची रेटिंगे वाचणे हा अगदी वेगळा अनुभव आहे, कारण 'पाच म्हणजे ज्यावाचून माझे चालणार नाही' असे लिहिणाऱ्याचे पाच आणि उदारपणे वाटलेले पाच यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

ज्यांना वर्षअखेरच्या वादात तयारीने उतरायचे आहे त्यांनी ही सेवा जरूर वापरावी. चालू वर्षाच्या क्रमवारीतील पहिली दहा नावे नुसती पाहून न थांबता, शैली गाळून तिसाव्या ते साठाव्या क्रमांकापर्यंत खाली जावे. तिथे गर्दी कमी असते आणि खरे शोध तिथेच लागतात. परीक्षणे वाचताना पाच ताऱ्यांची सोडून अडीच ताऱ्यांची आधी वाचावीत. ज्याला अल्बम आवडावा असे वाटत होते आणि तो पूर्ण आवडला नाही, असा श्रोता बहुधा तिथे सापडतो, आणि नेमके कोणते गाणे कुठे ढिले पडते हे तोच सांगतो.