ए३२०चा म्हणून विकलेला हेडसेट आणि स्पंजखालचा मिलिटरी माइक

टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवण्याचं ट्रेनिंग) करणारे, एअरलाइनला नव्याने लागलेले पायलट, सगळ्यांनी हे वाचाच. वापरलेला हेडसेट घेणारे आपल्यात भरपूर आहेत आणि माझ्याशी जे झालं ते चुकून झालेलं नाही, पद्धतशीर ठरवून केलेलं आहे.

मला ए३२० या एअरबसच्या विमानासाठी एएनआर, म्हणजे बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक्सने कापणारा हेडसेट हवा होता. एअरबसला पाच पिनांचा एक्सएलआर प्लग लागतो, बोइंगला दोन वेगळे प्लग, हेलिकॉप्टरचा तिसराच, त्यामुळे एक्सएलआरवाला चांगला पीस वापरलेला मिळणं अवघडच. विकणारा स्वतःला माजी पायलट म्हणवायचा, बोलायला गोड, टीएसओ-सी१३९ए (विमानातल्या ऑडिओ उपकरणांचं अमेरिकन मानक) चा विषय त्यानेच काढला, आणि हा किती डेसिबल आवाज कापतो ते सारखं ऐकवत होता. व्हिडिओ पाठवला तो कंट्रोल बॉक्सवरच्या हिरव्या दिव्याचा. आता तो दिवा एवढंच सांगतो की नॉइज कॅन्सलिंगला पॉवर मिळतेय, माइकशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं म्हणूनच त्याने नेमका तेवढाच व्हिडिओ काढला.

फ्लाइटच्या आधी चेक करताना माझ्या कानात सगळं मस्त येत होतं. शेजारून कॅप्टन म्हणाले, "अरे तुझं काहीच ऐकू येत नाहीये, माइक जवळ घे." घेतला, इतका की स्पंज ओठाला टेकला. व्हॉल्यूम वाढवून बघितला. तरी म्हणे विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं येतंय. शेवटी विमानातला हेडसेट लावला तर पहिल्याच शब्दाला आवाज क्लिअर. म्हणजे विमानाचं ऑडिओ पॅनेल व्यवस्थित होतं. हँड माइक असतो, ऑक्सिजन मास्कलाही माइक असतो, सगळं खरं, पण अॲप्रोचला, म्हणजे उतरायच्या वेळी, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) भराभर बोलत असताना ते कोण हातात घेऊन बसणार? या माणसाने पैशासाठी दुसऱ्याच्या कॉकपिटमध्ये काय पाठवलंय याचा मला अजून संताप येतो.

नंतर स्पंज काढायला गेलो तर निघेना, गोंदाने चिकटवलेला. ओढून काढला तर खाली माइकवर कोरलेलं, एम-८७. हा मिलिटरीचा ५ ओहमचा डायनॅमिक माइक. आपल्या सिव्हिल रेडिओला १५० ओहमचा अॅम्प्लिफायरवाला माइक लागतो, त्याला लागणारं व्होल्टेज रेडिओच पुरवतो. डायनॅमिकमधून सिग्नल इतका कमी येतो की मध्ये अॅम्प्लिफायर नसेल तर समोरच्याला फक्त कुजबुज ऐकू येते. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, दोन स्क्रूवर बसतात, त्यामुळे मूळ माइक गेला असणार आणि याने मिलिटरीच्या जुन्या मालातला (सरप्लस) बसवून वर स्पंज चिकटवून टाकला. प्लगजवळ काळी श्रिंक स्लीव्ह (गरम करून वायरीवर आवळायची नळी) होती, ती कापली तर आत वायरी सोल्डर केलेल्या, म्हणजे एक्सएलआर सुद्धा मागाहून जोडलेला.

लेबलचं तर विचारूच नका. टीएसओ मार्किंगमध्ये बनवणाऱ्याचं नाव, पार्ट नंबर, टीएसओ नंबर आणि सिरियल नंबर किंवा बनवल्याची तारीख असावी लागते. यावर टीएसओ आणि सिरियल एवढंच. बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिसला तो सिरियल कळवला तर म्हणाले हा आमच्या दुसऱ्याच मॉडेलचा आहे. झालं, वॉरंटी नाही आणि रिपेअरही नाही.

विकणारा आधी म्हणाला माइकचा गेन वाढवा, मग म्हणाला तुमच्या विमानाचं पॅनेल खराब असेल, मग ब्लॉक. पैसे त्याने फी वाचेल म्हणून थेट खात्यावर मागितले होते, त्यामुळे जिथे जाहिरात होती ते साइटवाले हात वर करून मोकळे.

तुम्ही घेणार असाल तर स्पंज काढलेल्या माइकचा आणि प्लगपासून अख्ख्या केबलचा फोटो मागा, आणि सिरियल नंबर पैसे द्यायच्या आधी कंपनीला विचारा, उत्तर यायला वेळ लागला तरी थांबा. विकणारा घाई करायला लागला की तिथेच सोडून द्या. एएनआर हेडसेट १९८९ पासून बाजारात आहेत, जुने थकलेले पीस ढिगाने फिरतात. तुमच्या एअरलाइनची मान्य हेडसेटची यादी असेल तर ती आधी बघा. आणि डेसिबलच्या आकड्याला भुलू नका, ती गरज पिस्टन विमानात जास्त, जेटमध्ये तासन्तास डोक्यावर सहन होणारा हलका हेडसेट आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येणं याला जास्त किंमत आहे.

तक्रार केली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. तेच फोटो वापरून दुसऱ्या नावाने जाहिरात परत लागली आहे, प्लगमागे बोटभर काळी स्लीव्ह दिसली तर तो हाच माणूस असू शकतो, लांब राहा.