पायांतील रक्ताभिसरणाची तपासणी : पुण्यातील एका व्हॅस्क्युलर लॅबविषयी

मधुमेही रुग्णाच्या पायांचा रक्तपुरवठा तपासून देणाऱ्या जागा पुण्यात आता बऱ्याच झाल्या आहेत; मात्र घोट्याचा दाब मोजून एक आकडा हाती देणे वेगळे आणि त्या आकड्यावर विसंबावे की नाही याचा शोध घेणे वेगळे. आईला आम्ही ज्या खासगी रुग्णालयाच्या व्हॅस्क्युलर लॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्या तपासणाऱ्या विभागात, नेले, तेथे ही दुसरी गोष्ट मनापासून केली जाते, आणि मधुमेहाच्या घरांना तिचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आईला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. चालताना तिची उजवी पोटरी भरून येते आणि थोडे थांबले की दुखणे ओसरते, जे पायाची धमनी अरुंद झाल्याचे नेहमीचे लक्षण मानले जाते. तरीही त्याआधी एका आरोग्य शिबिरात चारही हातापायांना पट्टे बांधून स्वयंचलित यंत्राने जो कागद दिला, त्यावर दोन्ही पायांचा घोटा-दंड निर्देशांक (एबीआय, म्हणजे घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारा आकडा) १.४ च्या वर होता आणि पुढे ‘रक्तपुरवठा उत्तम’ असा शेरा होता. आकडा मोठा म्हणजे रक्तपुरवठा चांगला, हा समज मधुमेहात किती घातक ठरू शकतो, हे आम्हाला या लॅबमध्ये कळले.

येथील तंत्रज्ञ बाईंनी ‘काकू, आधी जरा स्वस्थ पडून राहा’ असे म्हणून आईला सुमारे दहा मिनिटे उताणे झोपू दिले आणि पावलांवर पांघरूण घातले, कारण पाय गार पडले तर बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांचे माप फसते. मग दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा दाब हातातील लहान डॉप्लर यंत्राने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, घेतला. घोट्याच्या वर पट्टा बांधायचा, जेल लावून पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची अशा दोन धमन्यांचा आवाज शोधायचा, पट्टा फुगवून तो आवाज बंद करायचा आणि हवा सावकाश सोडताना तो जेथे पुन्हा ऐकू येतो तो दाब टिपायचा, अशी ही रीत आहे. दोन धमन्यांपैकी जास्त दाबाला दंडांपैकी जास्त दाबाने भागले की एबीआय मिळतो. तो १.०० ते १.४० असेल तर सामान्य, ०.९० किंवा त्याहून कमी असेल तर धमनीविकार, आणि १.४० च्या वर गेला तर मापच विश्वासार्ह नाही, असे मानतात.

आईच्या उजव्या घोट्याचा दाब २०४ आणि दंडाचा १३८ आला, म्हणजे निर्देशांक १.४८. दीर्घकाळच्या मधुमेहात किंवा मूत्रपिंडाच्या विकारात धमनीच्या भित्तीत कॅल्शियम साचून ती इतकी ताठर होते की पट्टा तिला दाबूच शकत नाही. आकडा फुगतो आणि आतला अडथळा झाकला जातो. येथे तंत्रज्ञ बाई थांबल्या नाहीत, हीच या लॅबची खरी किंमत. पायाच्या बोटांतील लहान धमन्या सहसा अशा ताठरत नाहीत, म्हणून त्यांनी अंगठ्याला चिमुकला पट्टा बांधला, टोकाला प्रकाशाने नाडी टिपणारा सेन्सर लावला आणि तेथील दाब घेतला. उजवीकडे तो ६२ भरला. दंडाशी गुणोत्तर ०.४५. हे गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल तर रक्तपुरवठा कमी समजतात. शिबिरातला ‘उत्तम’ पाय तो हाच.

डॉप्लरचा आवाजही त्यांनी आम्हाला ऐकवला. निरोगी धमनीत प्रत्येक ठोक्याला आवाजाचे दोन-तीन स्पष्ट टप्पे असतात आणि आलेखावर लाट पुढे जाऊन क्षणभर मागे वळते. आईच्या उजव्या घोट्यामागे मात्र एकच मंद, बसकी लाट होती. कोणतीही सुई न टोचता, रंगद्रव्य न सोडता एवढे कळते, याचे मला फार अप्रूप वाटले. पुढे धमनीचे चित्र आणि तिच्यातील प्रवाह एकत्र दाखवणाऱ्या ड्युप्लेक्स सोनोग्राफीत मांडीच्या धमनीतील अरुंद जागा नेमकी दिसली. जखम भरेल का हे पाहण्यासाठी त्वचेतील प्राणवायूचा दाब मोजण्याची सोयही येथे आहे, पण आईला जखम नसल्याने डॉक्टरांनी ती तपासणी सुचवली नाही. नको ती तपासणी न सांगणे हेही मला मोलाचे वाटते.

उणिवा सांगायलाच हव्यात. प्रतीक्षा कक्ष इतका गार ठेवलेला असतो की तेथे ताटकळलेल्या वृद्धांचे पाय तपासणीपूर्वीच थंडगार पडतात, आणि पुढच्या पांघरुणाने ती भरपाई व्हायला वेळ जातो. अहवाल पूर्णपणे इंग्रजीत येतो; निदान शेवटचा निष्कर्ष मराठीत द्यायला हवा, कारण तो वाचून पायांची काळजी घेणारी माणसे घरातली असतात. अंगठ्याचा दाब त्यांच्या दरपत्रकात स्वतंत्र ओळीत, वेगळ्या शुल्कासह आहे. मधुमेहींसाठी तो मूळ तपासणीतच धरावा, असे माझे ठाम मत आहे, कारण पैसे वाचवायला रुग्ण नेमकी तीच ओळ गाळतील.

जाणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी, आधी चहा, कॉफी आणि तंबाखू टाळावी, सैल कपडे घालावेत आणि गार दिवसांत पायमोजे घालून जावे. अहवालासोबत लाटांचे आलेख छापून मागावेत. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना आकड्यांइतकीच त्यांची गरज पडते.