केबलवाली क्लॅम्प पक्कड: कामाची आहे, पण अर्ध्याच कामाची

गाडीच्या हीटरचे दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, इंजिनच्या मागून जाऊन फायरवॉलमधून (इंजिन आणि आतली बसायची जागा यांच्यामधली भिंत) आत शिरतात. तिथे माझा रिकामा हात कसाबसा पोचतो, पक्कड धरलेला हात पोचत नाही. म्हणून ही लांब केबलची क्लॅम्प पक्कड ऑनलाइन मागवली, हजाराच्या आत मिळाली. खोक्यावर ओळखीचं नाव नाही. हुबेहूब अशीच पक्कड वेगवेगळ्या नावांनी विकायला दिसते, त्यामुळे मी लिहितेय ते त्यातल्या बहुतेकींना लागू पडावं.

एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला छोटा जबडा आणि मध्ये दोनेक फुटांची केबल. सायकलच्या ब्रेकची वायर असते तशीच, फक्त चांगली जाड. होजचं टोक आवळून धरणाऱ्या, गाडीबरोबर येणाऱ्या स्प्रिंगच्या क्लॅम्पला दोन कान असतात. ते जबड्याच्या खाचांत धरायचे आणि मूठ दाबायची. कान जवळ आले की क्लॅम्प फाकतो, आणि मूठ खटक्यावर अडकते. मग मूठ खाली ठेवून दोन्ही हात मोकळे. सगळे पैसे या खटक्याचे आहेत.

आमची वॅगन-आर जुनी. हीटरचा एक होज टोकाशी फुगून मऊ पडला होता आणि क्लॅम्पखाली कूलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे) वाळलेले डाग दिसत होते. वयोमान, दुसरं काही नाही. नवा होज नाना पेठेतून आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बरोबर स्क्रूची क्लिप पण घेऊन जा, ती स्प्रिंगची कटकट कशाला?" मी घेतली नाही. क्लॅम्पखालचं रबर तापून-गार होऊन हळूहळू दबत जातं. स्प्रिंग त्याच्यामागे आपोआप आवळत जाते, साधी स्क्रूची क्लिप जिथे आवळली तिथेच राहते. मग थंडीतल्या सकाळी गाडीखाली थेंब दिसतात, लोक ती आणखी पिळतात, आणि रेडिएटरची प्लॅस्टिकची तोटी असेल तर एक दिवस तिलाच तडा जातो. जुने स्प्रिंगचे क्लॅम्प गंजले नसतील, ताण धरून असतील, तर तेच परत लावावेत.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कामाला हात घातला. तापलेल्या इंजिनात कूलंट दाबाखाली असतं, झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर. केबल एअर फिल्टरच्या पाइपाखालून सरकवली. क्लॅम्पचे कान नेमके भिंतीकडे तोंड करून. मोबाइलचा टॉर्च दातांत धरून जबडा कानांवर बसवला (इथे थोड्या शिव्या गृहीत धरा, कारण जबडा स्वतःभोवती सैल फिरतो आणि ऐन वेळी पाठ दाखवतो). एकदा कान खाचेत बसले की बाकी सोपं. क्लॅम्प मुकाट मागे सरकला.

होज मात्र हलेना. इथे पकडीचा काही उपयोग नाही. आतली धातूची नळी पातळ असते आणि ती थेट हीटर कोअरची, म्हणजे आतली हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरची. कोअर बसलाय डॅशबोर्डच्या पोटात. नळी वाकली किंवा जोडाशी फाटली तर शंभर-दोनशे रुपयांच्या रबरापायी डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. म्हणून ओढाताण करायची नाही. जुना होज टाकायचाच होता, तर कटरने लांबीच्या दिशेने चीर दिली, पातं नळीला लागणार नाही इतक्या बेताने, आणि केळ्याच्या सालीसारखा सोलून काढला. होज परत वापरायचा असेल तर आधी पिळून चिकटलेला भाग सुटवायचा, मगच ओढायचं.

नवा होज बसवताना खालच्या मजल्यावरचे काका आलेच. गाडीचं बॉनेट उघडलं की आमच्या पार्किंगमध्ये सल्लागार मंडळ जमतं. "अगं, ग्रीस लाव जरा, सुर्रकन जाईल." जाईल हो काका, जाईल. पण कूलंटचे होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर उष्णता, वाफ, कूलंट सगळं सोसतं, पण खनिज तेल त्याला चालत नाही. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं की फुगतं, मऊ पडतं. शिवाय आतून बुळबुळीत राहिलेला होज दाबाखाली सरकायची भीती. थर्मासमध्ये उकळतं पाणी आणलं होतं, त्यात होजचं टोक मिनिटभर बुडवून ठेवलं. नळीवर बोटाने साबणाचं पाणी फिरवलं. कूलंट लावलं तरी चालतं.

आता पकडीचं खरं काम. क्लॅम्प आधीच होजवर ओवून, दाबून, खटक्यावर उघडा अडकवून ठेवला. गरम होज सरळ न रेटता डावीउजवीकडे पिळत पिळत आत ढकलला. नळीच्या टोकाशी एक उंचवटा असतो, सगळा हट्ट तिथवरच. तो ओलांडला की होज एकदम ढिला पडल्यासारखा आत जातो, हाताला नीट कळतं. जुन्या होजच्या खुणा बघून तेवढाच आत घेतला, क्लॅम्प उंचवट्याच्या मागे आणला आणि खटका सोडला. सोडताना चष्मा घाला. क्लॅम्प टच्चकन मिटतो, आणि कान खाचेतून निसटला तर उडतोही.

तक्रारी आहेत. रेडिएटरच्या खालच्या जाड होजचा क्लॅम्प दाबताना खटका दात सोडतो, तिथे ही पक्कड कमी पडते. केबल फार वळवली की मूठ जड जाते. मुठीवरचं रबरी कव्हर निघून हातात येतं. केबलच्या आवरणात दोन थेंब तेल सोडल्यावर चाल बरीच सुधारली. हुकासारख्या आकड्यांचा जोडसंचही बरोबर आला होता, होज उचकटायला म्हणून. त्यांची टोकं इतकी अणकुचीदार आहेत की रबर आतून चिरेल आणि ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतील. पॉलिश पेपरवर टोकं बोथट केल्याशिवाय वापरू नका.

सांडलेलं कूलंट मी लगेच पुसून धुऊन घेतलं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी, आणि आमच्या पार्किंगमधल्या मांजरींना सगळं चाटायची सवय.

बॉनेट उघडल्यावर तुमचे क्लॅम्प समोरच दिसत असतील, तर खाचांच्या जबड्याची साधी क्लॅम्प पक्कड घ्या, स्वस्तात काम होतं. क्लॅम्प फायरवॉलपाशी असतील तर हीच घ्या. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या फिरत्या जबड्याने घालवला, उरलेला एक खटक्याने.