इंदुरातल्या घरात वाईन कुठे ठेवावी: कपाट, घरचा फ्रिज की वाईनचा वेगळा फ्रिज?

वाईनला बारा महिने १२ ते १५ अंश तापमान लागतं, अंधार लागतो, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तापमानात चढउतार नको असतो. इंदुरात डिसेंबर-जानेवारीत हे जवळजवळ फुकट मिळतं. आतल्या भिंतीला लागून असलेलं कुठलंही बंद कपाट चालतं. खरा प्रश्न मार्चपासून पावसाळा लागेपर्यंतचा. बाहेर पारा ४० च्या वर जातो, वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली रात्रीसुद्धा तापलेली राहते. पंचविशीच्या वर महिनोन्महिने राहिलेली बाटली लवकर म्हातारी होते. तिशी ओलांडली की फळाचा ताजेपणा जातो आणि वाईन शिजवलेल्या मनुकांसारखी लागते. हे नुकसान नंतर कितीही थंड केलं तरी भरून निघत नाही.

माळव्याच्या गार रात्रींचा आपल्याला अभिमान आहे, पण वाईनच्या बुचाला त्या सोसत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. बाटलीतलं द्रव दिवसा फुगतं, रात्री आकसतं, आणि दर वेळी बुचाच्या कडेने थोडी हवा आत ओढली जाते. त्यामुळे रोज वर-खाली होणाऱ्या तापमानापेक्षा कायम २० अंशांवर स्थिर राहणारी जागा बरी.

आता कपाट. राजवाड्याच्या आसपास, मल्हारगंजात जुन्या जाड भिंतींची घरं अजून आहेत. तिथे तळमजल्यावरची आतली खोली मेमध्येही बरीच गार राहते, आणि अशा घरात थोड्या बाटल्या काही महिने ठेवायला हरकत नाही. विजयनगर किंवा निपानियाच्या फ्लॅटमध्ये, पश्चिमेकडे काचेची खिडकी असताना, हाच सल्ला लागू होत नाही. आपल्याकडे बाटली बहुतेक वेळा वडीलधाऱ्यांच्या नजरेआड म्हणून माळ्यावर जाते. घरातली सर्वांत वाईट जागा तीच, कारण ती थेट तापलेल्या स्लॅबखाली असते. गॅसच्या शेगडीजवळचं कपाट आणि फ्रिजचा माथा या दोन जागांचंही तेच. ठेवायचीच तर कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, कापडात गुंडाळून. खोलीतल्या कुलरवर भिस्त ठेवू नका: तो दुपारी खोली गार करतो, बंद केला की तापमान परत चढतं, म्हणजे पुन्हा तेच हेलकावे.

साध्या फ्रिजला नावं ठेवायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. तो ४-५ अंशांवर असतो, वाईनला हे जरा जास्त थंड. पण थंडीने वाईन खराब होत नाही, तिचं मुरणं मंदावतं. फ्रिजचा खरा दोष म्हणजे कोरडी हवा. तीन-चार महिन्यांनंतर बूच सुकून आकसू लागतं. आता नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना बूच नसतंच, फिरवून उघडायचं झाकण असतं, आणि त्या झाकणाला कोरड्या हवेशी काही देणंघेणं नाही. बुचाची बाटली असेल तर ती भाजीच्या ड्रॉवरमध्ये आडवी ठेवा, तिथे थोडा ओलावा असतो. दारात मात्र ठेवू नका, दर उघडझापीला ती हलते आणि तापते. फ्रीझरमध्ये घाईने टाकून विसरलेली बाटली उणे ५-६ च्या सुमारास गोठायला लागते, बूच वर ढकललं जातं, काच तडकते.

वाईनचा वेगळा फ्रिज घेताना दुकानदार सांगत नाही अशी एक गोष्ट आधी पाहा. याचे दोन प्रकार मिळतात. थर्मोइलेक्ट्रिक प्रकारात कॉम्प्रेसर नसतो, तो शांत असतो, बाटल्या हलत नाहीत, दिसायला सुबक आणि बहुधा स्वस्तही. पण त्याची ताकद मर्यादित: खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १२ ते १५ अंशच खाली नेऊ शकतो. मेमध्ये खोली ३६ वर असेल तर आत २१ ते २४. म्हणजे जेव्हा त्याची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच तो कमी पडतो. एसी दिवसभर चालणाऱ्या घराखेरीज इंदुरात तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉम्प्रेसरचा प्रकार थोडा आवाज करतो, पण काम करतो. त्याच्या लेबलवर हवामान-वर्ग लिहिलेला असतो: एन म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. इथे टी मागा, निदान एसटी. मागे-बाजूला हवा खेळायला जागा सोडा, नाहीतर यंत्र सतत चालत राहील. वीज गेली तर दार उघडू नका, भरलेला फ्रिज काही तास थंडावा टिकवतो.

मग कुणी काय घ्यावं? महिन्याला एखादी बाटली आणून महिन्या-दोन महिन्यांत संपवणाऱ्या घराला घरचाच फ्रिज पुरे, पैसे खर्चण्यात अर्थ नाही. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या व्हाइट वाईन आणि गुलाबी रोझे यांची चव मुळात ताजेपणात असते. त्या वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या, मुरवायच्या नाहीत. मुरवण्यासारख्या थोड्याच: सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह. अशा डझनभर बाटल्या काही वर्षं ठेवायची हौस असेल तर कॉम्प्रेसरचा फ्रिज वसूल होतो. मात्र घरी किती साठा ठेवता येतो याला अबकारी नियमांची मर्यादा आहे, ती परवानाधारक दुकानात आधी विचारून घ्या. आणि तिथेच बाटल्या उन्हाच्या काचेजवळ मांडल्या आहेत का, हेही बघा. दुकानात तापलेली बाटली घरी कितीही जपली तरी उपयोग नाही.

वाईन ग्लासात वाढण्याच्या तापमानाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज रेडबाबत आहे. ती खोलीच्या तापमानाला वाढावी हा सल्ला युरोपातल्या १६-१८ अंशांच्या घरांचा. इंदुरात मेमध्ये तशीच ग्लासात ओतली तर अल्कोहोल नाकात भरतो आणि चव ढिली पडते. कपाटातली रेड वाढण्याआधी तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमधली असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा. व्हाइट आणि रोझे ८ ते १० अंशांवर बऱ्या, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन, ६ ते ८. घाई असेल तर बादलीत बर्फाइतकंच पाणी आणि मूठभर मीठ घाला, पंधरा-वीस मिनिटांत बाटली गार होते. नुसता बर्फ काचेला नीट टेकत नाही, म्हणून वेळ लागतो.

स्पार्कलिंगच्या बाटलीत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. ती पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, बुचावर अंगठा दाबून बूच स्थिर धरा आणि बाटली फिरवा. साध्या वाईनचा ग्लास तिसऱ्या हिश्शाएवढाच भरावा, देठाला धरावा, नाहीतर तळव्याच्या उबेने वाईन लगेच तापते. हिवाळ्यात गराडू (तळलेला मसालेदार कंद) किंवा पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस असेल तर शेनिन ब्लाँ काढा. तिखटावर जड रेड आणखी जाळते.

उरलेली बाटली, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्येच. वैरी हवा आहे, म्हणून अर्धी उरली की लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. व्हाइट आणि रेड तीन ते पाच दिवस चांगल्या राहतात. स्पार्कलिंग दुसऱ्या दिवसापर्यंत, तीही खास दाबाचं झाकण असेल तर. त्यानंतरची पिऊ नका, मटणाच्या रश्श्यात घाला.