नव्या भागात गेल्यावर चर्च कोणतं धरावं: जवळचं, आपल्या पंथाचं की भरलेलं?

कॅथलिकांचा निम्मा निर्णय पत्त्यानेच होऊन जातो. पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतला विभाग) साधारणपणे हद्दीवर ठरते, त्यामुळे तुमचं घर ज्या हद्दीत येतं ती तुमची पॅरिश. मिस्साला (कॅथलिक उपासनेला) दुसरीकडे गेलात तर कोणी हटकत नाही, पण लग्नाच्या वेळी आपल्या पॅरिशच्या फादरकडे जावंच लागतं. बाप्तिस्म्याची नोंद मात्र तुमच्याबरोबर येत नाही. जिथे बाप्तिस्मा झाला तिथल्याच वहीत ती राहते आणि पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार), लग्न यांच्या नोंदीही तिथेच चढतात. जुनी पॅरिश सोडताना तिचा पत्ता आणि फोन लिहून ठेवा, एवढंच.

खरी ओढाताण होते ती प्रॉटेस्टंट घरांत. एकीकडे घराजवळचं जुन्या वळणाचं चर्च: अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन यांपैकी एखादं. दुसरीकडे लांबची, भरगच्च, गाण्याबजावण्याची स्वतंत्र मंडळी, म्हणजे कुठल्याही जुन्या पंथाखाली नसलेलं चर्च. पहिल्या रविवारी दुसरीच जिंकते. गायन जोरकस, दारात हसून स्वागत, संदेश (प्रवचन) थेट काळजाला. जुन्या चर्चमध्ये त्याच वेळी वीस-पंचवीस माणसं विखरून बसलेली आणि ऑर्गन अर्ध्या सुराने खाली. म्हणून पहिल्या रविवारवर निकाल देऊ नये.

आधी संदेशाचं बघू. जुन्या वळणाच्या अनेक चर्चमध्ये बायबलची वाचनं तीन वर्षांच्या ठरलेल्या पाठक्रमानुसार होतात. पाळकाला आवडो न आवडो, त्या रविवारचा अवघड उतारा समोर येतोच. स्वतंत्र मंडळीत विषय पास्टर निवडतो. तो अभ्यासू असेल तर बायबलमधलं एखादं पुस्तक अध्यायामागून अध्याय असं उलगडतो, की तसं ऐकायला लांबूनही जावं. नसेल, तर वर्षभर आशीर्वाद, यश आणि दशांश (मिळकतीचा दहावा भाग चर्चला देणं) याच तीन विषयांभोवती फेऱ्या चालतात. मागच्या दोन-तीन महिन्यांचे संदेश कशावर होते, हे तिथल्या कुणालाही सहज विचारता येतं. विचाराच.

दुसरा मुद्दा लोक लाजून टाळतात: पास्टरचं चुकलं तर त्याला जाब कोण विचारतो? मेथडिस्टांत पाळकांच्या नेमणुका वरून होतात, अँग्लिकनांत वर बिशप असतो, प्रेस्बिटेरियनांत आसपासच्या चर्चमधल्या पाळकांची आणि निवडलेल्या वडीलधाऱ्यांची सभा असते, बॅप्टिस्टांत मंडळी स्वतः पाळकाला बोलावते आणि दूरही करू शकते. स्वतंत्र मंडळीत काही ठिकाणी चोख समिती असते. काही ठिकाणी मात्र संस्थापक पास्टर, त्याची पत्नी आणि मेहुणा मिळूनच समिती होते. हिशेब दरवर्षी सभासदांपुढे ठेवतात का, या साध्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते पाहा. माझ्या लेखी गाण्यापेक्षा हे वजनदार. (जुन्या चर्चमध्येही मालमत्तेवरून भांडणं होतात, कोर्टकचेऱ्याही होतात. पण निदान तक्रार कुठे करायची ते ठाऊक असतं.)

मुलं लहान असतील तर बाप्तिस्म्याचा प्रश्न आधीच मिटवा. अँग्लिकन, मेथडिस्ट, लुथरन, प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या स्वतः विश्वास कबूल केल्यावरच, तोही पाण्यात बुडवून. काही ठिकाणी तुमचा बाळपणीचा बाप्तिस्मा धरतच नाहीत आणि सभासद व्हायचं तर पुन्हा घ्या म्हणतात. ज्याला हे मान्य नाही त्याने तिथे वर्षभर रमून मग वाद घालण्यात अर्थ नाही. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा संस्कार) कोणाला देतात, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावं.

अंतराबद्दल माझं मत एकतर्फी आहे. तासाभरावरचं उत्तम चर्च हळूहळू फक्त रविवारचं होतं आणि पुढे एक रविवार आड. मधल्या वारची प्रार्थनासभा, तरुण संघ, गायनमंडळाची तालीम यांतलं काहीच जमत नाही. आजारपणात पाळकाने घरी यायचं म्हटलं तरी ते अंतर आड येतं. शिकवण पटत असेल आणि कारभार उघडा असेल, तर जवळचं मध्यम चर्च घ्यावं. याला अपवाद दोन: जवळच्या चर्चमध्ये मुलांच्या वयाचं एकही मूल नाही, किंवा उपासना अशा भाषेत आहे की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला प्रार्थना समजत नाही.

भेट द्याल तेव्हा उपासना संपल्यावर लगेच निघू नका. दहा मिनिटं दाराशी थांबा. पाळक बोलतोच, ते त्याचं कामच आहे. बाकीचं कोणी येऊन नाव विचारतं का ते बघा. मधेच एखादं बाळ रडलं तेव्हा पुढच्या बाकांवरच्या माना कशा वळल्या होत्या, तेही आठवा. संडे स्कूलची खोली दाखवायला सांगा. मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसं असतात का, हे विचारलेलं चांगल्या चर्चला खटकत नाही.

ठरलं की जुन्या पाळकाकडून सभासदत्वाचं बदलीपत्र मागवून घ्या. ते नसेल तर काही चर्चमध्ये वार्षिक सभेत मत देता येत नाही. मात्र पत्र देण्याची घाई नको. एखादी वार्षिक सभा मागच्या बाकावर बसून पाहायची परवानगी मिळाली, तर ती पाहूनच पत्र द्यावं.