घोड्यांसाठी जागा घेताय? 'रेडी तबेला' म्हणून आम्हाला काय दाखवलं ते वाचा

वांगणी-नेरळ-कर्जत पट्ट्यात घोड्यांसाठी जागा बघणारे सध्या बरेच दिसतात, आमच्यासारखे तबेलेवाले आहेतच पण मुलीला रायडिंगची आवड आहे म्हणून एखादी घोडी घेऊन शनिवार-रविवार फार्मवर जायचं असं ठरवणारे दादर-पार्ल्याचे लोकही भेटले, म्हणून सविस्तर लिहितोय. आमचे सव्वापाच लाख अडकले.

आमचा धंदा वरातीच्या घोड्यांचा. वडील व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईतल्या घोडागाड्या, चालवायचे. २०१५ मध्ये हायकोर्टाने त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हापासून लग्नं, मिरवणुका, शिवजयंती यावरच चाललंय. सहा घोडे. चेंबूरच्या बाजूला भाड्याच्या जागेत तबेला होता, ती जागा रिडेव्हलपमेंटला गेली आणि मालकाने पावसाच्या आत खाली करा म्हणून तगादा लावला. एजंट लोकांना असं गिऱ्हाईक बरोबर कळतं. माणसं चार महिने नातेवाईकांकडे काढतात, सहा घोडे घेऊन कुणाच्या दारात उभे राहणार?

एजंटने दाखवलेली जागा वांगणीच्या पुढे, वीस गुंठे, भाव तीस लाख. आठ खणांचा तबेला, वर निळा पत्रा, पुढे घोडे मोकळे सोडायला पॅडॉक, बोअर, लाइट. 'शेठ, फक्त घोडे आणायचे आणि बांधायचे.' मालक एकदम गोड, आमच्या चुलत्यांना वाकून नमस्कार वगैरे, बायकोने पोहे केले.

चुलते म्हणजे आमचे अण्णा, सगळं आयुष्य घोड्यात गेलंय. त्यांनी आत पाय टाकल्या टाकल्या विचारलं, इथे घोडा कधी राहिलाय का हो? कारण जिथे घोडा राहतो तिथे दाराची वरची कड कुरतडलेली असतेच, बांधायच्या कडीखाली भिंतीला घासल्याचा तेलकट डाग पडलेला असतो. इथे सगळं कोरं. खाली चक्क पॉलिश केलेली लादी, मुताने ओली झाली की नाल मारलेला घोडा त्यावर उभा राहूच शकत नाही. पॅडॉकला काटेरी तार आणि तारेला लागून गुलाबी कण्हेर लावलेली, ओळीने. कण्हेर घोड्याला विष आहे, थोडी पानं पोटात गेली तरी हृदयावर जातं, आणि घोड्याला उलटी होत नाही त्यामुळे गेलं ते गेलं. मालकाकडे उत्तर तयार होतं, एका रायडिंग क्लबसाठी नवीन बांधलं, त्यांचं काम फिसकटलं म्हणून विकतोय, लादी उद्या उखडून देतो, कण्हेर परवा तोडतो. आणि खरंच दुसऱ्या दिवशी कण्हेर तोडल्याचा फोटो पाठवला!

आता बोअरचं. मे महिना होता. घोड्याला उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी प्यायलाच लागतं, वर धुणं, तबेला साफ करणं, म्हणजे सहा घोड्यांना रोज हजार लिटरच्या आसपास धरा. तर मालकाने स्टार्टर दाबला आणि दोन इंची पाइपातून धो धो पाणी. गार पाणी, आम्ही हातपाय धुतले, अण्णा प्यायलेसुद्धा. मे महिन्यात एवढं पाणी म्हणजे बारमाही, असंच कुणालाही वाटेल.

सव्वातीन लाख बँकेतून आणि दोन लाख कॅश, पाचशेच्या स्टँपवर विसार पावती, म्हणजे आगाऊ रकमेची. पावतीवर आकडा फक्त सव्वातीनचा, कॅशचं 'खरेदीखताला बघू'. ताबा आत्ताच घ्या, पावसाआधी घोडे आणा, असा त्याचाच आग्रह. हा आग्रह का ते नंतर कळलं. एकदा जनावरं तिथे आली की तुम्ही भांडायच्या परिस्थितीत राहत नाही.

दोन घोड्या आणि एक पोरगा आधी पाठवला. दोन दिवस पाणी आलं, तिसऱ्या दिवशी पाइपातून नुसती हवा. मालकाचा फोन लागेना. वांगणीहून प्लंबर आणला, त्याने सरळ स्टार्टरपासून केबल कुठे जाते ते उकरायला सुरुवात केली. केबल बोअरकडे जातच नव्हती. तबेल्यामागे जमिनीत सिमेंटची टाकी, वर माती आणि वैरणीचा ढीग, पंप त्या टाकीत! बोअरच्या केसिंगवर, म्हणजे तोंडाच्या पाइपावर, लोखंडी झाकण वेल्डिंग केलेलं, 'कचरा पडू नये म्हणून'. ते कापलं आणि खडा टाकला. खडखड करत गेला, पाण्याचा आवाज शेवटपर्यंत आला नाही. संध्याकाळी टँकरवाला बोलावला तर तो हसायलाच लागला, म्हणाला इथे गिऱ्हाईक येणार असलं की आदल्या रात्री आम्हीच टाकी भरून जातो.

म्हणजे हे आमच्या आधीही झालेलं होतं.

एवढ्यावर थांबलं नाही. पेंढ्याचा टेम्पो घेऊन गेलो तर वाटेत आडवा बांबू आणि दोन ड्रम. एक माणूस म्हणे ही वाट माझ्या जमिनीच्या गटातून जाते, जायचं असेल तर चार लाख द्या. हा माणूस मालकाचा सख्खा भाऊ. दोघांचं भांडण आहे की दोघांचं ठरलेलं आहे ते देवाला माहीत, मला तर ठरलेलंच वाटतं. आम्हाला मालकाने मोबाइलवर सॅटेलाइट फोटो दाखवलेला, त्यात पांढरी वाट मस्त फाटकापर्यंत दिसते. पण फोटोत चाकोरी दिसते, ती कुणाच्या जमिनीतून जाते ते दिसत नाही. त्यासाठी गट नकाशा लागतो, भूमी अभिलेखमध्ये मिळतो, आणि आमच्या गटापर्यंत नकाशात रस्ताच नव्हता. अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट ॲक्टखाली जाता येतं, पण तिथे आधीपासूनची वहिवाट दाखवावी लागते. आम्ही कालचे आलेले, काय दाखवणार?

मग सातबारा. त्याने दिलेला सातबारा म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, एकट्या त्याचं नाव. मेहुण्याने सरकारच्या महाभूमी साइटवरून पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा काढला तर पाच नावं. वडील वारल्यावर वारस नोंद झालेली, दोन भाऊ, दोन बहिणी, आई. म्हणजे हा पाचातला एक आणि विकत होता सगळं. बहिणींना फोन केला, त्यांना पत्ताच नाही.

पोलीस चौकीत आधी हेच ऐकवलं की हे दिवाणी आहे, कोर्टात जा. वकिलाने टाकी-पंपाचे फोटो, टँकरवाल्याचं म्हणणं आणि दोन्ही सातबारे जोडून अर्ज दिला की ही ठरवून केलेली फसवणूक आहे, न्याय संहितेचं कलम ३१८ लावा, तेव्हा कुठे मालकाला बोलावलं. बँकेतून गेलेल्यातले दोन लाख आलेत, बाकीचं हप्त्याने देतो म्हणतोय. कॅशबद्दल तो म्हणतो, कुठली कॅश?

आता जागा बघताना काय करतो ते सांगतो. डिजिटल सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) स्वतः काढतो, इतर हक्काचा रकाना आधी वाचतो, तिथे कूळ, वन, कोर्टाची मनाई काही असेल तर चहासुद्धा घेत नाही. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली जमीन, असेल तरी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागे मागे वाचत जातो, तीस वर्षांच्या कागदपत्रांचा सर्च वकिलाकडून. घरपट्टीची पावती दाखवून 'तबेला कायदेशीर आहे' म्हणतात, ती पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. माथेरानभोवती २००३ पासून इको सेन्सिटिव्ह झोन (बांधकामावर बंधनं असलेला पट्टा) आहे, नेरळच्या बाजूचा गट त्यात येतो का ते बघावंच लागतं. ज्यांच्या नावावर शेतजमीन नाही त्यांना कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आमचा साताऱ्याचा सातबारा आहे म्हणून आम्हाला अडचण नव्हती. 'शेतकरी दाखला करून देतो' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार, खोटा निघाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते.

बोअर चार तास सलग चालवायला लावतो, दोनशे लिटरचा ड्रम किती वेळात भरतो ते पहिल्या आणि चौथ्या तासाला मोजतो, आणि केबल डोळ्यांनी बोअरमध्ये उतरताना बघतो. जमीन भाताचं खाचर आहे की वरकस (उंचावरची हलकी जमीन) हे गावात विचारतो, खाचरात जुलैपासून पाणी तुंबतं आणि घोड्याचे खूर कुजायला लागतात. उल्हास नदीच्या जवळचं असेल तर जुलै २०१९ ला, म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली तेव्हा, इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं हे दुकानदाराला विचारायचं, विकणाऱ्याला नाही. लीद कुठे जाणार हेही आधीच ठरवतो, एका घोड्याची दिवसाला पंधरा-वीस किलो होते, शेजारी तक्रार करतातच.

घोडे सध्या शहापूरच्या बाजूला भाड्याने ठेवलेत. त्या जागेची जाहिरात पुन्हा आलीय, फोटो नवीन, भाव बत्तीस लाख. वांगणीच्या पुढे निळ्या पत्र्याचा आठ खणांचा तबेला कुणी दाखवला तर पोहे खायच्या आधी तबेल्यामागचा वैरणीचा ढीग बाजूला करायला सांगा.